मानवलेला हात

शालिनीताई, आमच्या इन-चार्ज सिस्टर, गेल्या तो सोमवार होता. सोमवार म्हणजे आमच्या वृद्धनिवासात ड्युट्या बदलायचा दिवस. सकाळच्या गोळ्यांची ट्रॉली घेऊन मी पुढच्या पॅसेजमध्ये होते, सविताबांच्या तळहातावर बीपीची गोळी ठेवत होते, आणि खिशातला फोन थरथरायला लागला. ताईंच्या मिस्टरांचा, म्हणजे भाऊजींचा. रेल्वेतून रिटायर झालेला हा माणूस कामाशिवाय कधी फोन करत नाही. "मीना, तुझी ताई उठत नाहीये गं," ते म्हणाले. "चहा केव्हाचा गार झालाय..." मी नर्स आहे. अशा वेळी काय विचारायचं, नाडी कुठे बघायला सांगायची, सगळं मला पाठ आहे, आणि ते मी विचारलंही. उत्तर काय येणार हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. पण मला लगेच निघता येईना. त्या वेळी घरात मी एकटीच शिकलेली नर्स, मला सोडवायला येणारी सिस्टर कासाहून एसटीने येणार, आणि ती आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा नियम. नियम घर चालवणाऱ्या कंपनीचा नव्हे, खुद्द ताईंचा. मग मी उरलेल्या गोळ्या वाटल्या, दोघांची साखर तपासली, एकांच्या डोळ्यांत थेंब घातले. नंतर लोक म्हणाले, मीना किती खंबीर! खंबीर कसली... अडकून पडले होते.

आता काही आठवडे उलटलेत. पेपरच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी नाही म्हणाले. कारण त्यांच्याबद्दल जे सगळे लिहितील ते मला लिहायचं नव्हतं. सेवाभावी, प्रेमळ, हसतमुख वगैरे. आणि हे जे लिहितेय ते छापायला देता येणार नाही, का ते पुढे कळेलच. हसतमुख त्या अजिबात नव्हत्या. घोलवडच्या चिकूवाडीत वाढलेली बाई, आवाज असा की या बांधावरून त्या बांधावर गड्याला हाक मारावी. मुंबईत नर्सिंग शिकून आल्या, लग्न होऊन डहाणूत आल्या, पण आवाज वाडीतलाच राहिला. कुणा पाहुण्याने एकदा त्यांना मायाळू म्हटलं, तर म्हणाल्या, "मायाळू ही भाजी आहे. मी सिस्टर आहे." चूक झाली की त्या समोरच्याला सोलून काढत, आणि दुपारी त्याच माणसाच्या डब्यात पर्समधला पिकलेला चिकू गुपचूप ठेवत. चिकू कच्चा निघाला तर समजायचं, राग अजून गेलेला नाही.

आमचं वृद्धनिवास डहाणू-घोलवड रस्त्याच्या आत, एका वाडीत आहे. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते सुरू केलं, आपल्याच बैठ्या घराला दोन पॅसेज वाढवून. माणसं सगळ्या तऱ्हेची. मुंबईला मुलं असलेली, सुरतेला मुलं असलेली, कुठेच कुणी नसलेली. डॉक्टरांनी आणि शालिनीताईंनी मिळून तिथे एक रीत पाडली होती. नवीन आजी किंवा आजोबा आले की पहिला आठवडा कामाला असलेल्या सगळ्या बायकांनी त्यांचं आळीपाळीने करायचं. अंघोळ एकीने, जेवण दुसरीने, केस विंचरणं तिसरीने. ताई फक्त बघत बसायच्या. कुणाच्या हातचं मुकाट्याने खातात, कुणी पाठ चोळली की डोळे मिटतात. आठवडा संपला की त्या जाहीर करायच्या, "यांना सुनंदाचा हात मानवला." झालं. त्या दिवसापासून ते माणूस सुनंदाचं. त्याची अंघोळ, त्याची चिडचिड, त्याची कवळी, त्याच्या मुलीचे फोन, सगळं सुनंदाचं. आणि वेळ आली की शेवटचं पाणीही सुनंदाच पाजणार. पगार काही फार नव्हता. कामाला वास होता, ओझं होतं, कंबरा गेल्या होत्या सगळ्यांच्या. पण तिथल्या बायका घरी गेल्यावर "माझी आजी आज दोन पोळ्या जेवली" असं सांगायच्या, स्वतःच्या सासूबद्दल एवढं न बोलणाऱ्यासुद्धा.

सविताबांना रंजनाचा हात मानवला होता. बा गुजरातीतून बोलायच्या, रंजना तलासरीकडची, तिची बोली वेगळी, आणि दोघींचं भांडण व्हायचं ते मराठीतून. बा म्हणायच्या, "तू मला मारून टाकणार!" रंजना म्हणायची, "आधी खिचडी खावा, मंग मरा." आणि बा खायच्या.

मग डॉक्टर थकले, त्यांच्या मुलांना यात रस नव्हता, आणि घर एका कंपनीने चालवायला घेतलं. या लोकांची आणखी बरीच घरं होती, तलासरीला हायवेजवळही एक होतं. आमच्यावर नेमलेला मॅनेजर नीरव, वापीहून यायचा. तिशीतला, सभ्य, सगळ्यांना जी लावून बोलणारा. त्याने भिंती रंगवल्या, जनरेटर आणला, बायकांचा पीएफ सुरू केला... खोटं कशाला बोलू, हे डॉक्टरांना जमलं नव्हतं. आणि मग त्याने रोटेशन आणलं. दर सोमवारी प्रत्येकीच्या गळ्यात रंगाचं कार्ड. पिवळं म्हणजे पुढचा पॅसेज, निळं म्हणजे मागचा, हिरवं म्हणजे स्वयंपाकघर आणि धुणं. खोलीत शिरताना दाराशी लावलेल्या यंत्राला कार्ड दाखवायचं, म्हणजे कोण कुठे गेलं हे मुंबईत कळणार. आजी, बा, काका म्हणायचं नाही, मॅडम आणि सर म्हणायचं. "माणसावर अवलंबून राहायचं नाय, सिस्टर, सिस्टीमवर राहायचं," नीरव म्हणाला. "रंजना लग्नाला गेली तर बा उपाशी राहतात की नाय?" तो खोटं बोलत नव्हता. रंजना भाचीच्या लग्नाला गेली होती तेव्हा बांनी खरोखरच तोंड मिटून घेतलं होतं.

पण आता रंजना त्याच घरात असताना बा उपाशी राहायला लागल्या. पहिल्या सोमवारी निळं कार्ड घालून रंजना मागे गेली, आणि पुढे बांच्या खोलीत गेली सुनंदा, बिचारी गोड बोलत. "आ कोण छे? मारी रंजना क्यां?" रंजना कुठे विचारत बांनी ताट ढकललं. सुनंदा रडत बाहेर आली. मागच्या पॅसेजमध्ये सुनंदाचे आजोबा रंजनाला अंगाला हात लावू देईनात. आठवडाभर सगळ्या घरात असंच चाललं होतं. बायकांनी एकमेकींशी बोलणं कमी केलं. कुणाचं कोण रडतंय ते दाराआडून ऐकू यायचं आणि जाता यायचं नाही. ताईंनी नीरवला सांगितलं. तो म्हणाला, सवय होईल.

मग एके दिवशी बा जेवल्या. दुसऱ्या दिवशीही जेवल्या. ताई बघायला गेल्या तर खोलीत रंजना, आणि तिच्या गळ्यात सुनंदाचं पिवळं कार्ड. कार्डावर नंबर होता, फोटो नव्हता. फोटो नंतर छापू म्हणाले होते, ते राहिलंच. मी ताईंच्या मागेच उभी होते. मला वाटलं, आता रंजनाची काही खैर नाही. ताईंनी तिच्याकडे बघितलं, बांच्या हनुवटीवरची खिचडी बघितली, आणि म्हणाल्या, "कार्ड उलटं झालंय. नीट लाव." एवढंच. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तू काय बघितलंस?" मी म्हटलं, "काही नाही." "मग माझ्यासारखंच," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर सोमवारी सकाळच्या चहाला ताई चादरी मोजायच्या निमित्ताने स्टोअरमध्ये जायच्या. त्या आत असेपर्यंत गळ्यांतली कार्डं फिरायची, आणि त्या खाकरून बाहेर यायच्या तेव्हा सगळ्या कपबशा विसळत उभ्या असायच्या. आमच्या चादरी इतक्या वेळा कुणी कधी मोजल्या नसतील. दोन-तीन महिन्यांत घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. हसणं-भांडणं परत आलं, तक्रारी थांबल्या. मुंबईच्या पडद्यावर रोटेशन घड्याळासारखं चालू होतं.

तेव्हाच कंपनीने समाधानाची पाहणी केली. टॅबलेटवर तीन चेहरे, एक रडका, एक सपाट, एक हसरा. वर प्रश्न : तुम्ही तुमच्या कामावर समाधानी आहात का? रंजनाने बोट वर धरलं आणि ताईंना विचारलं, "कोंच्या कामावर? त्यांच्या का आपल्या?" ताईंना हसू आवरेना. एवढं मनमोकळं हसताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. "आपल्या गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. सगळ्यांनी हसरा चेहरा दाबला. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पुढची सगळी भानगड आहे.

कारण कंपनीच्या सगळ्या घरांत आमचं घर पहिलं आलं. सगळ्यात आनंदी कर्मचारी, सगळ्यात कमी तक्रारी. रोटेशन कुठेच चालत नव्हतं, फक्त डहाणूत चाललं. म्हणजे पद्धत बरोबर आहे, बाकीच्यांना ती राबवता येत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. शालिनीताईंना शाल दिली, मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांनी सांगितलं की सिस्टरनी आता तलासरीच्या घराला रोटेशन शिकवायचं. मला सोबत पाठवलं. तलासरीच्या सभागृहात साहेब पुढच्या रांगेत बसलेले, नीरव त्यांच्या शेजारी. ताई काय बोलणार? त्या कागदावरचं बोलल्या. कुणात जीव अडकवू नका. पॅसेज बदलला की मागे वळून बघू नका. तलासरीच्या बायका माना डोलवत होत्या. बक्षीस मिळालेली सिस्टर सांगतेय म्हणजे खरंच असणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो, कसं चाललंय ते बघायला. तिथे एक रिटायर मास्तर होते. अंघोळ करून खाटेवर बसलेले, सदरा अंगात, सगळी बटणं उघडी. मी बटण लावायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "राहू द्या. लक्ष्मी येईल." आधी त्यांचं सगळं करणारी लक्ष्मी त्याच इमारतीत होती, पलीकडच्या बाजूला. मास्तर रोज असे जेवणापर्यंत बसून राहतात, कुणालाच बटणं लावू देत नाहीत, आणि आता खाणंही कमी झालंय असं तिथल्या सिस्टरने सांगितलं. ताई लक्ष्मीला शोधत गेल्या. ती दुसऱ्याच कुणाची नखं कापत होती. ताईंनी विचारलं, "मास्तरांकडे जात नाहीस?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना ताय, पाठी बघायचं नाय. मी नाय बघत."

परतताना विवळवेढ्याला देवीच्या देवळासमोर ताईंनी गाडी थांबवायला लावली. एरवी त्या हायवेवरूनच हात जोडायच्या, उतरायच्या नाहीत. त्या दिवशी उतरल्या, पण दर्शनाला गेल्या नाहीत. नारळवाल्याच्या बाकड्यावर बसून राहिल्या. मी पाण्याची बाटली दिली ती हातात तशीच. "मीना, आपल्या बायका सांभाळायला मी खोटं बोलले आणि त्या मास्तरांचं माणूस काढून घेतलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, खरं सांगून टाका. "सांगते की," त्या म्हणाल्या, "पण मग रंजनाचं काय?"

तरी त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी नीरवच्या केबिनमध्ये, मला समोर बसवून. कार्डं बदलतात, कुणीही रोटेशन करत नाही, म्हणून माणसं आनंदात आहेत, तुमची पद्धत बंद करा. नीरव उठला, त्याने दार लावलं, आणि परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा पोरगा आधीपासून जाणून आहे. "सिस्टर, हे मी ऐकलं नाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही पण बोलला नाय. दुसऱ्याचं कार्ड वापरणं म्हणजे फसवणूक धरतात. सगळ्या बायका एका दिवसात घरी जातील. तुम्ही जाल, मी जाईन. आणि रोटेशन राहीलच, नवीन बायका घेऊन." थोडं थांबून म्हणाला, "माझी पण आई वापीला दिवसभर एकटी असते, सिस्टर. मला नाय समजत असं नाय." मला त्याचा राग आला होता, तो त्या एका वाक्याने अर्धा गेला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग ताईंनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचलं असतं. तलासरीला आणखी एका प्रशिक्षणाची गरज आहे असं त्यांनीच कंपनीला कळवलं. सभागृहात कागदावरचं सगळं पुन्हा वाचून दाखवलं. नंतर भांडी बघायची म्हणून बायकांना स्वयंपाकघरात नेलं, स्वतःच्या गळ्यातलं कार्ड काढलं, माझ्या गळ्यात घातलं, माझं स्वतःच्या गळ्यात घातलं, आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. सगळ्यांत आधी लक्ष्मी हसली. महिन्याभरात मास्तरांची बटणं लागली, तलासरीचे चेहरे हसरे झाले... आणि कंपनीने जाहीर केलं की सिस्टर शालिनींची पद्धत आता सगळीकडे कायम.

असा तो फास होता. काम नीट केलं की आणखी आवळायचा. ताईंचं रिटायरमेंटचं वय कधीच उलटलं होतं. पुण्याहून लेक फोन करायची, आई आता बस झालं. भाऊजींनी वाडीत दोन खोल्या नीट करून घेतल्या होत्या. ताईंना धाप लागायची, तपासणाऱ्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. पण त्या गेल्या तर नवीन इन-चार्ज येणार, बाहेरची, सोमवारी चादरी न मोजणारी. पहिल्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं असतं. मी एकदा चिडून म्हटलं, "ताई, तुम्ही मेलात तर काय करणार आहेत या?" पण त्या चिडल्या नव्हत्या. पर्समधून चिकू काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मग तू आहेस ना." चिकू पिकलेला होता. मी तो खाल्ला, आणि त्या काय म्हणाल्या याकडे लक्षच दिलं नाही.

शोकसभा आमच्याच जेवणघरात झाली. त्यांच्या अंत्ययात्रेला आमच्यापैकी दोघींनाच सुट्टी मिळाली होती, म्हणून इथे तरी सगळ्या होत्या, तलासरीहून लक्ष्मीही आली होती. मोठे साहेब बोलले. शालिनी सिस्टरनी दाखवून दिलं की व्यक्तीपेक्षा पद्धत मोठी असते. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हुंदका दिला, साहेबांना वाटलं भाषण लागलं. नीरव जमिनीकडे बघत होता. नवीन घरांतल्या प्रशिक्षणाला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय. ज्या गोष्टीने त्यांना झोप लागू दिली नाही, तिला त्यांचं नाव... मला उठून ओरडावंसं वाटलं. पुढे व्हीलचेअरवर बा बसल्या होत्या, त्यांच्या खांद्यावर रंजनाचा हात होता आणि रंजनाच्या गळ्यात सुनंदाचं कार्ड. मी बसूनच राहिले. ताई असत्या तर त्याही बसल्या असत्या.

सभा संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, इन-चार्ज तुम्हीच. मी विचार करून सांगते म्हटलं. त्याला कारण होतं. नाशिकला माझी बहीण राहते, तिने माझ्यासाठी तिथल्या एका दवाखान्यात दिवसाची नोकरी बघून ठेवली होती. डोळ्यांचा दवाखाना, रविवारी सुट्टी, कुणाला उचलायचं नाही, कुणाचं मरण बघायचं नाही. आठवडा संपायच्या आत हो किंवा नाही सांगायचं होतं. खरं सांगते, मी मनातून बॅग भरली होती.

पुढच्या सोमवारी चहाला सगळ्या जमल्या. कार्डं नुकतीच वाटली होती, ती कुणीच गळ्यात घातली नव्हती. हातात धरून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी स्टोअरकडे वळले नाही. मला वळायचंच नव्हतं. चहा निवत होता. शेवटी रंजना पुढे आली. मला वाटलं, ताईंबद्दल काही बोलेल.

"सिस्टर, येक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या रिटायरमेंटला किती वरसं हायत?"

कुणी हसलं नाही. भाडेकरू घरमालकाला विचारतो तितक्या सरळपणे तिने विचारलं होतं. पुढच्या पॅसेजमधून बांची हाक आली, "रंजना!" आणि रंजना हलली नाही. माझं उत्तर आल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"आहेत गं," मी म्हटलं. "पुष्कळ आहेत अजून."

"मंग बरं," ती म्हणाली. सुनंदाचं कार्ड तिने स्वतःच्या गळ्यात घातलं, खिचडीची वाटी उचलली आणि बांकडे गेली. बाकीच्यांचीही कार्डं माझ्या डोळ्यांदेखत इकडची तिकडे झाली. मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि नाशिकला बहिणीचा नंबर लावला.